यंत्राला न परवडलेली अक्षरं

गोव्यात सासष्टीतल्या रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, घाट आपल्या संतकवींचा, आणि लिपी रोमन. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण त्यात नागरीचे खिळे नव्हते. जे खिळे होते त्यात जे छापता येईल ते छापलं गेलं. मराठीतल्या एवढ्या मोठ्या काव्याची लिपी हाताशी असलेल्या यंत्रानं ठरवली.

मोबाइल आणि इंटरनेट यांनी समाज कसा बदलला यावर आता पुष्कळ लिहिलं जातं. खोट्या बातम्या, मुलांचे डोळे, तुटलेला संवाद, असे विषय असतात आणि ती काळजी खरीच आहे. माझं आयुष्य छापखान्यात आणि प्रुफं वाचण्यात गेलं. त्यामुळे मला या सगळ्याच्या आधीपासून चालत आलेली एक गोष्ट दिसते. यंत्राला जे अक्षर परवडत नाही ते हळूहळू लिपीतून जातं. आणि काय परवडतं, काय नाही, हे ठरवणारा माणूस दर पिढीला आपल्यापासून लांब जात राहिला आहे. आज तो इतका लांब आहे की त्याच्याशी भांडायचं कुठे, हेच वाचकाला ठाऊक नसतं.

मी जुळाऱ्याची मुलगी. जुळारी म्हणजे कंपोझिटर, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात अण्णा उभं राहून हे काम करायचे. बसून जुळवणी होत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या केसपर्यंत, म्हणजे खिळ्यांच्या खणदार पेट्यांपर्यंत, हात पोचावा लागतो. इंग्रजीला दोन केस पुरायच्या, नागरीला चार. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खणांतून फिरत असायचा. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे न बघता कळतं. आमच्या घरी पाहुण्यांना वाटायचं, अण्णा बोलताना बोटं चोळतात ही त्यांची सवय आहे. ते खाच शोधत असायचे.

नागरीचा खिळा इंग्रजीपेक्षा फार अवघड. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. त्यातल्या 'त'च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे एकाच जागी येतात. त्या तिघांचा मिळून एक वेगळा खिळा असायचा, शिवाय प्रत्येकाचा वेगळा आणि दोघादोघांचाही वेगळा. जोडाक्षरांचे तर किती! असे शेकडो खिळे हाताला पाठ असलेला माणूस जुळारी म्हणवला जायचा. खिळ्याबाहेर झुकलेली नाजूक मात्रा छपाईच्या दाबाखाली कधीकधी उडायची, आणि पहिल्या दोनशे प्रतींत 'केले' असलेलं पुढे 'कले' होऊन निघायचं. मशीन चालू असताना मधूनच एक कागद ओढून तपासायचा, हे मी शाळेत असताना शिकले.

हे खिळे आले कुठून, तो इतिहास मराठी माणसाला माहीत असायला हवा. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनमध्ये पंचानन कर्मकार आणि पुढे त्याचा जावई मनोहर या कारागिरांनी पोलादावर अक्षरं कोरली. तिथं विल्यम केरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण नागरी खिळ्यांत छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात मराठी शब्द मोडीत आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असं नाही. ते पाडले गेले होते, त्यांतून पुस्तकं निघाली होती. पण मुंबईत जी छपाई वाढली ती बाळबोधीत, म्हणजे नागरीत. मोडीत हात न उचलता लिहितात, अक्षर पुढच्या अक्षराला धरून वळतं, लिहिणाऱ्यागणिक ते वळण बदलतं. सुट्या, चौकोनी शिशाच्या तुकड्यांना हे वळण महाग पडतं. बाळबोध सुटी बसते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं, मग नागरीचे खिळेही स्वतः तयार केले. त्यानंतर आले जावजी दादाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेला हा माणूस. १८६४ साली त्यांनी खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या जोडीला राणोजी रावजी आरू होते, अक्षर कोरणारे. निर्णयसागरचे ग्रंथ आजही उघडून पाहावेत. जोडाक्षर उभं कसं बसवलंय, अर्धा द आणि य एकमेकांत कसे मिसळलेत, 'ल'ची पाकळी कशी फुललीय! या माणसांनी यंत्राला लिपीपुढे वाकवलं. आरूंचं नाव आज एखाद्या रस्त्याला तरी आहे की नाही, याची मला खंत वाटते.

यंत्राचा हिशेब मात्र तेव्हापासूनच सुरू झाला. शेकडो खिळे म्हणजे जास्त शिसं, जास्त जागा, जास्त मजुरी. टिळकांनी 'केसरी'साठी खिळे कमी करण्याच्या खटपटीत पुष्कळ लक्ष घातलं. सावरकरांनी रत्नागिरीत लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि 'अ'ची बाराखडी पुढे आणली: अि, अी, अु, अू, अे. काकासाहेब कालेलकर गांधीजींच्या बाजूनं तेच काम करत होते. राजकारणात दोन टोकांना असलेली माणसं इथं एकाच बाराखडीशी आली, कारण दोघांपुढेही टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळा होत्या. चाळीस-पंचेचाळीस कळा, शिफ्ट धरून त्याच्या दुप्पट चिन्हं. त्यात आपली लिपी बसवायची.

१९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. तिथं ठरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडेच द्यावी, दीर्घ वेलांटीसारखीच पण आखूड पायाची. यंत्राच्या दृष्टीनं सोय उत्तम. वाचणाऱ्याला 'कि' आणि 'की' यांत फरक दिसेना. ओरड झाली, आणि १९५७ साली तो निर्णय मागे घ्यावा लागला. लिपीच्या इतिहासात मला हे साल सगळ्यांत जवळचं वाटतं. बड्या परिषदेत ठरलेली गोष्ट वाचकांनी चार वर्षांत फिरवली. ती फिरवता आली, कारण ठरवणारे कोण, त्यांना पत्र कुठं लिहायचं, वर्तमानपत्रात कुणाच्या नावानं बोलायचं, हे सगळं माहीत होतं.

संगणकाची सुरुवात आपल्याकडे चांगली झाली होती, हे मुद्दाम सांगते. लक्ष्मण श्रीधर वाकणकरांसारखे अभ्यासक पुण्यात नागरीच्या मुद्राक्षरांवर काम करत होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिपींचं संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, 'जिस्ट' नावाचं कार्ड निघालं. १९८६ साली इन्स्क्रिप्टचा कळफलक ठरला, त्यानंतर इस्की ही संकेतांची मांडणी. तिच्यामागचा विचार फार सुंदर होता: अक्षर ज्या क्रमानं उच्चारतो त्या क्रमानं साठवायचं आणि दिसण्याचं काम यंत्रावर सोडायचं. आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर ती वेलांटी उडी मारून डावीकडे जाते. लखनौला जिच्यासाठी अख्खी लिपी वळवायला निघाले होते, ती अडचण यंत्रानं स्वतःच्या डोक्यावर घेतली. जोडाक्षरं कितीही असोत, आता शिसं लागत नव्हतं. यंत्राला पहिल्यांदाच सगळी नागरी परवडत होती.

छापखान्यांत मात्र दुसराच प्रकार आला. १९९०च्या आसपास पेठापेठांत डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं लावण्याची, दुकानं निघाली. खिळे भंगारात किलोवर गेले. अण्णांच्या बरोबरीचे काही जुळारी माउस धरायला शिकले, बाकीचे घरी बसले. मीही तेव्हाच शिकले. या डीटीपीत वापरले जायचे ते फाँट इस्कीच्या वाटेनं जाणारे नव्हते. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फाँट त्या जागी मराठी आकृती दाखवायचा. एका फाँटात दोनशेछप्पनच जागा, त्यांतल्याही काही वापरता न येणाऱ्या. मग कुणी वेलांटीचे तीन आकार ठेवले, कुणी एकच. कुणी 'द्ध' ठेवला, कुणी 'द'चा पाय मोडून 'द्‌ध' केलं. प्रत्येक कंपनीची आकृत्यांची मांडणी वेगळी, आणि ती व्यापारी गुपित असल्यासारखी जपलेली. फाँट असेल तर पान मराठी, नसेल तर त्याच फायलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल.

छपाई आणि वेळ या दृष्टीनं डीटीपीनं मराठी प्रकाशनाला जी गती दिली ती मी नाकारत नाही. लहान गावांतल्या लेखकांची पुस्तकं निघाली ती त्यामुळेच. पण त्या पंधरा-वीस वर्षांत संगणकावर जी मराठी लिहिली गेली, तिचा फार मोठा भाग आज कुणाला उघडता येत नाही. त्यात शोध घेता येत नाही, त्यातून शब्दकोश निघत नाही. साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेनं आपल्या भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्यांचं पुस्तक आमच्याकडे लागलं. पहिल्या आवृत्तीत पानांच्या खर्चामुळे निम्म्याहून जास्त ओव्या गाळल्या, पूर्ण मजकूर फ्लॉपीवर राहिला. पुढे त्या बाई गेल्या, आणि त्यांच्या मुलानं दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. फ्लॉपी वाचता आली, फाइल उघडली, पण फाँट चालवायला जे लहानसं कुलूपयंत्र संगणकाच्या मागे लावावं लागायचं ते बंद पडलेलं. विकणाऱ्यांनी ती आवृत्ती केव्हाच सोडून दिली होती. हस्तलिखित वाळवीनं खाल्लेलं. गाळलेल्या ओव्यांतल्या फार थोड्या आम्हाला परत जुळवता आल्या, त्याही माझ्याकडे पडलेल्या प्रुफांच्या कागदांवरून.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवते. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांच्यासारखा माणूस पुढे त्यांच्याबरोबर आला, ज्यानं त्या कशा साठवाव्यात याचा विचार केला. त्या ओव्या आज कुणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. ओवी तीच, जातं तेच. फरक पडला तो साठवणाऱ्याच्या दूरदृष्टीनं.

मग युनिकोड आलं. संघटना अमेरिकेत, १९९१ साली पहिली आवृत्ती, आणि नागरीची मांडणी आपल्याच १९८८च्या इस्कीवरून घेतलेली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत. डीटीपीच्या चिखलातून ज्यांनी वाट काढली आहे त्यांना याचं मोल कळेल. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकारानं मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' फाँट काढला, तो विंडोज २००० बरोबर घराघरांत गेला. ज्यांच्या हाताला बोरूची सवय होती त्यांनी तो पडदा घडवला, याचा मला अभिमान आहे.

तरीही युनिकोडमध्ये नागरी म्हणजे मुख्यतः हिंदीची नागरी, हे जागोजाग दिसतं. 'ॲ' घ्या. आपण 'अ'वर चंद्र देतो, हिंदीत तो 'ए'वर देण्याची पद्धत. सुरुवातीला संकेत होता तो 'ए'वरच्या चंद्राला. आपल्या 'ॲ'ला स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडलं. मधल्या काळात 'ऍ' असं जे टंकलं गेलं ते अजून आहे, आणि 'ॲड' शोधणाऱ्याला 'ऍड' सापडत नाही.

त्याहून बारीक गोष्ट आहे ती 'कऱ्हाड'मधल्या डोळ्याच्या पापणीसारख्या 'र'ची. तो आपल्या लिपीची ओळख आहे, 'दर्या' आणि 'दऱ्या' त्यानंच वेगळे होतात. संगणकात तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, साधा र, त्याचा पाय मोडणारं चिन्ह आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन, नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडणारं चिन्ह. इन्स्क्रिप्टवर र च्या कळीवरच शिफ्ट दाबून हा ऱ येतो. हा नुक्त्याचा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार नागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डोळे कितीही तयार असोत, फरक कळत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणजे बोऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावाचा माणूस एका यादीत एका पद्धतीनं आणि दुसरीत दुसऱ्या पद्धतीनं नोंदला गेला, तर शोधताना तो 'आढळत नाही'. खिडकीमागचा माणूस खोटं बोलत नसतो, पडद्यावर त्याला तेच दिसतं. आपण बरोबर लिहिलेलं नाव चूक कसं, हे त्या आडनावाच्या माणसाला कोण समजावणार?

आणि 'ल' आणि 'श'. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. महाराष्ट्र शासनानं २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली प्रमाण वर्णमाला काढली, तीत ती अधोरेखित आहेत. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा संकेत एकच. वळण कोणतं दाखवायचं हे फाँटवर आणि फोनच्या भाषेच्या निवडीवर. बहुतेक फोनवर दंडाचा ल येतो. शाळेत मूल पाकळीचा ल गिरवतं, आणि घरी येऊन दिवसभर दुसराच बघतं. माझ्याकडे शिकायला येणारी विशीतली मुलं हातानं लिहितानाही आता दंडाचाच ल काढतात. त्यांना कुणी सांगितलं नाही, कुणी आदेश काढला नाही, कुठं परिषद भरली नाही. १९५३ सारखी ओरड व्हायला निदान १९५३ सारखा ठराव तरी लागतो.

मुंबईच्या काही मंडळींनी चांगले मराठी फाँट करून मोकळे सोडले आहेत. 'मुक्त'सारखा फाँट कुणालाही फुकट वापरता येतो, आणि मराठीची वळणं कशी द्यायची हे त्यांना ठाऊक आहे. काम करणारी माणसं आहेत. पण फोन विकत घेताना त्यात आधीपासून जे बसवलेलं असतं तेच शंभरातले बहुतेक लोक कायम वापरतात.

यंत्रानं सोडलेल्या लिपीचं पुढे काय होतं, ते मोडीत बघायला मिळालं. मुंबई इलाख्यानं १९१७ साली कारभाराची लिपी म्हणून मोडीऐवजी बाळबोध घ्यायचं ठरवलं. कारण सोयीचं आणि एकसारखेपणाचं. शाळांत मोडी त्यानंतरही काही दशकं शिकवली जात होती, मग तीही गेली. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ साली. आणि २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूची रजिस्टरं, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, बरंचसं मोडीत. संकेत होता, पण कागदावरची धावती मोडी वाचून देणारं यंत्र कचेऱ्यांत नव्हतं. लोक आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन रांगेत उभे, आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी. एका ओळीत कुणबीतला 'कु' आहे की दुसरंच काही, यावर नातवाची फी, नोकरी अवलंबून. सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत शंभर वर्षांनी ज्यांनी मोजली, ते तो निर्णय घेतला तेव्हा जन्मलेही नव्हते.

डीटीपीच्या फायलींची मोडी होऊ नये म्हणून एक काम आत्ता करता येण्यासारखं आहे. त्या काळात प्रत्येक दुकानात संगणकाशेजारी भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला असायचा: कोणती कळ दाबली की कोणती आकृती, आणि कळफलकावर नसलेल्या आकृत्यांसाठी ऑल्ट धरून कोणता आकडा. तो तक्ता हाती असेल तर जुन्या फायलीतली इंग्रजी अक्षरं एकेक करून युनिकोडात बदलणारा लहानसा प्रोग्राम लिहिता येतो. माझ्या भाच्यानं दोन फाँटांसाठी तसे लिहिले आहेत आणि ते चालतात. गाजलेल्या फाँटांचं असं रूपांतर बाजारातही मिळतं. अडतं ते लहान कंपन्यांच्या, थोडीच वर्षं चाललेल्या फाँटांपाशी. नाशिक, सोलापूर, अकोला, बेळगाव इथल्या दुकानांत ते वापरले जायचे, आणि ज्यांना ते तक्ते तोंडपाठ होते ती माणसं आता साठीच्या पुढे आहेत. असे तक्ते मी गोळा करते आहे. ज्यांच्या माळ्यावर, जुन्या मॅन्युअलमध्ये किंवा काचेखाली एखादा राहिला असेल, त्यांनी त्याचा फोटो फाँटच्या नावासह या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावा. कागद फाटका असला तरी चालेल, आकडे तेवढे दिसायला हवेत.